‘व्हॅल्किरी’: तारीख बरोबर, घड्याळ बरंचसं बरोबर, माणसं अर्धीच

सोलापुरात ‘मार्शल लॉ’ हा शब्द कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेवर झेंडा चढला, ८ मे ला गोळीबार झाला आणि १२ मे पासून शहर लष्कराच्या हुकमाखाली गेलं. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी माणूस उचलला जायचा. एका छापील जाहीरनाम्यात बंदुकीइतकी ताकद असते, हे इथल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांकडून आलेलं ज्ञान आहे. म्हणून २० जुलै १९४४ च्या हिटलरविरोधी कटावरचा ‘व्हॅल्किरी’ हा चित्रपट सोलापूरकराने जरूर पाहावा, आणि पाहताना बॉम्बपेक्षा कागदावर लक्ष ठेवावं. हा मार्शल लॉचाच चित्रपट आहे. फरक एवढाच, की इथे तो हुकूम काढणाऱ्यांवरच उलटवायचा बेत आहे.

चित्रपट २००८ चा. दिग्दर्शक ब्रायन सिंगर, पटकथा ख्रिस्तोफर मॅक्वारी आणि नेथन अलेक्झांडर यांची, आणि कर्नल क्लाउस फॉन श्टाउफेनबेर्गच्या भूमिकेत टॉम क्रूझ. लांबी साधारण दोन तास. गाणं नाही, उगाच घुसडलेलं प्रेमप्रकरण नाही, हसवायला ठेवलेलं पात्र नाही. थरारपट म्हणून पाचपैकी चार गुण बिनधास्त द्यावेत. इतिहास म्हणून मात्र एकच आकडा देता येत नाही. घटनाक्रमाला साडेचार, माणसांना अडीच. पाहणाऱ्यांमध्ये जे वाद होतात ते सगळे या दोन आकड्यांमधल्या फटीतून निघतात.

आधी योजना नीट समजून घ्या, कारण चित्रपट ती पहिल्या भागात भरभर सांगून पुढे निघतो आणि जो तिथे चुकला तो शेवटपर्यंत ‘हे काय चाललंय’ विचारत राहतो. ‘वाल्क्यूरे’ (‘व्हॅल्किरी’चंच जर्मन रूप) ही मुळात हिटलरच्याच मंजुरीची योजना. युद्धकाळात जर्मनीत परदेशातून धरून आणलेले लाखो मजूर होते. त्यांनी उठाव केला किंवा बॉम्बहल्ल्यांनी शहरात गोंधळ माजला, तर देशातच असलेल्या राखीव सैन्याने ताबा घ्यायचा, अशी ती तजवीज. राखीव सैन्य म्हणजे प्रशिक्षण घेणारे, जखमांतून बरे होत असलेले, पहाऱ्यावरचे सैनिक. जनरल ओल्ब्रिश्त, आघाडीवरचा अधिकारी ट्रेस्को आणि पुढे श्टाउफेनबेर्ग यांनी तिच्यात असा बदल केला की हिटलर मेला, पक्षातल्या काही लोकांनी दगा केला असं जाहीर करायचं आणि त्याच सैन्याकडून एसएस (पक्षाचं सशस्त्र दल) आणि गेस्टापो (गुप्त पोलिस) यांच्या लोकांना अटक करवायची. गंमत अशी की हुकूम पाळणाऱ्या शेकडो अधिकाऱ्यांना कट माहीत असायची गरजच नव्हती. योग्य कागद, योग्य सही, योग्य वाटेने आला की ते निघणार. हे मसुदे टंकलिखित करणाऱ्या मार्गारेटे फॉन ओव्हेन बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हातमोजे घालून काम करत. हुकमात एक खुंटी मात्र होती. हिटलरशिवाय तो काढायचा अधिकार फक्त राखीव सैन्याचा सेनापती जनरल फ्रॉम याला. आणि फ्रॉम कुंपणावर बसलेला. जिंकणाऱ्याच्या बाजूला उडी मारायची एवढंच त्याचं धोरण. टॉम विल्किन्सनने हा माणूस असा उभा केलाय की त्याच्या टेबलावरच्या शांततेचीही भीती वाटते.

‘शेवट तर माहीत आहे, हिटलर मरत नाही, मग थरार कसला?’ ही पहिली प्रतिक्रिया, आणि ती ऐकून चित्रपट सोडून देणारेही असतात. त्यांनी सोडू नये. इथला थरार ‘काय होणार’ यात नाही, ‘कुठे अडकणार’ यात आहे. चांगला माग चालवणारा माणूस कापड तयार होण्याआधीच आवाजावरून सांगतो की कुठला धागा तुटणार आहे. हा चित्रपट तसा ऐकायचा. प्रत्येक प्रसंगात एक धागा ताणला जातो, आणि त्यांतले बरेचसे धागे खऱ्या इतिहासातही त्याच जागी तुटले होते.

सगळ्यात जवळून पाहण्यासारखा प्रसंग शर्ट बदलण्याचा. ठिकाण पूर्व प्रशियातलं रास्टेनबुर्ग, आज ते पोलंडमध्ये आहे. हिटलरचं जंगलातलं मुख्यालय, ज्याला ‘वुल्फ्स लेअर’ म्हणतात. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात विमानातून झालेल्या माऱ्यात श्टाउफेनबेर्गचा डावा डोळा गेला, उजवा हात मनगटापासून गेला, डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. उरली तीन बोटं. हिटलरच्या बैठकीत नेायच्या बॉम्बच्या फ्यूजमधली काचेची कुपी त्याला या तीन बोटांनी चेपायची आहे, आणि त्यासाठी हाताला जमेल अशी वाकवलेली पक्कड बनवून घेतलेली आहे. दिवस उकाड्याचा, म्हणून ‘बैठकीआधी शर्ट बदलतो’ हे निमित्त खपून जातं. एका हाताच्या माणसाला कपडे बदलायला मदत लागणारच, त्यामुळे सोबत त्याचा मदतनीस लेफ्टनंट हेफ्टेन खोलीत शिरला तरी कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. हे बारकावे पटकथेने रचलेले नाहीत. ते जसेच्या तसे घडलेले आहेत.

मग घाई. मुसोलिनी दुपारी भेटीला येणार म्हणून बैठक साडेबारावर ओढलेली. दारावर बोलावणं येतं, ‘कर्नल, लवकर चला’. स्फोटकाचे दोन गोळे होते, प्रत्येकी ९७५ ग्रॅमचे. एकच तयार होतो. दुसरा हेफ्टेनच्या पिशवीत जातो. इथे पाहणारे हमखास विचारतात, ‘दुसरा तसाच बॅगेत टाकला असता तर?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. पहिला फुटल्यावर शेजारचा दुसराही फुटलाच असता आणि त्या खोलीतून कुणीही जिवंत निघालं नसतं, असंच बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. पण दारात माणूस उभा, हातात तीन बोटं, घड्याळ धावतंय. त्या क्षणी झालेली ही चूक क्रूझने चेहऱ्यावर आणलेली नाही, आणि ते योग्यच केलं. चूक करणाऱ्याला ती चूक आहे हे त्या वेळी कळत नसतं.

‘एवढ्या जवळ बॉम्ब फुटूनही वाचला कसा?’ याचं उत्तर चार कारणांत आहे आणि चित्रपट ती चारही दाखवतो, फक्त एकत्र करून सांगत नाही. पहिलं, स्फोटक निम्मंच. दुसरं, बैठक काँक्रीटच्या बंद बंकरमध्ये नव्हती. हलक्या भिंतींच्या बराकीत होती आणि उकाड्यामुळे खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे स्फोटाचा दाब कोंडून न राहता बाहेर निघून गेला. तिसरं, ओकच्या जाडजूड टेबलाला खाली भरीव आधार होता. चौथं, कर्नल ब्रांट नावाच्या अधिकाऱ्याच्या पायाला बॅग अडखळली म्हणून त्याने ती उचलून त्या आधाराच्या पलीकडे ठेवली. १२ वाजून ४२ मिनिटांनी स्फोट झाला. चार जण दगावले, त्यांत ब्रांटही. हिटलरची पँट चिंध्या झाली, कानाचे पडदे फाटले, तो वाचला.

या ब्रांटला चित्रपटाच्या सुरुवातीपासून लक्षात ठेवा. मार्च १९४३ मध्ये स्मोलेन्स्कहून निघालेल्या हिटलरच्या विमानात ‘कोअँत्रो’ दारूच्या बाटल्यांच्या वेष्टनात बॉम्ब पाठवला होता, तो काही कल्पना नसताना सोबत नेणारा माणूसही हाच. तो बॉम्ब फुटला नाही. विमानाच्या सामानाच्या कप्प्यातल्या थंडीने फ्यूज निकामी झाला असावा, असं मानतात. पहिल्या वेळी ब्रांटने बॉम्ब नेला, दुसऱ्या वेळी हलवला. एखाद्या लेखकाने कादंबरीत हा योगायोग घातला असता तर वाचकांनी त्याला हसून बाजूला ठेवलं असतं.

याच बाटल्यांच्या प्रसंगात चित्रपटाने घेतलेली मोकळीक दिसते. पडद्यावर ट्रेस्को स्वतः बर्लिनला जाऊन ब्रांटकडून ते पुडकं परत मिळवतो. प्रत्यक्षात हे काम ट्रेस्कोचा सहायक श्लाब्रेनडोर्फ याने केलं, तेही बर्लिनमध्ये नाही, पूर्व प्रशियातल्या मुख्यालयात जाऊन. मग त्याने बर्लिनच्या रेल्वेत डब्याचं दार लावून घेऊन ते पुडकं उघडलं. ट्रेस्को झालेल्या केनेथ ब्रॅनॉला काहीतरी करायला मिळावं म्हणून पटकथेने हे त्याच्या पदरात टाकलं, आणि रेल्वेच्या डब्यातला तो प्रसंग, जो थरारपटाला आयता मिळाला होता, वाया घालवला. ही मोकळीक पटत नाही. कटातला जुना अधिकारी हान्स ओस्टर याला गेस्टापोने आधीच पकडलं आणि म्हणून नवा माणूस शोधावा लागला, असं दाखवलंय, तेही चूक आहे. ओस्टरला एप्रिल १९४३ मध्ये कामावरून दूर केलं होतं. त्याची अटक २० जुलैच्या प्रयत्नानंतरची. तिसरी मोकळीक हिटलरकडून बदललेल्या योजनेवर सही घेण्याच्या प्रसंगाची. श्टाउफेनबेर्ग जून १९४४ मध्ये हिटलरसमोर गेला होता हे खरं, पण ती सही हा पटकथेचा भाग. तरी या तिसऱ्या मोकळिकीला विरोध नको वाटतो. न वाचता सही करणारा सत्ताधीश आणि त्या एका सहीने फिरणारं सगळं यंत्र, ही कटाची गाभ्याची गोष्ट त्या दोन मिनिटांत कळते.

आता दुपार. सगळ्यात जास्त वाद या भागावर होतो, आणि चित्रपटाचं मोलही याच भागात सगळ्यात जास्त आहे. इकडे पाहणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न, ‘एवढं सगळं केलं, अन् फोन तोडायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही होय?’

ध्यानात आलं होतं. ते काम जनरल फेलगीबेलचं, तो सैन्याच्या दळणवळणाचा प्रमुख. पण मुख्यालयातून बाहेर जाणारी तार एकच नव्हती. सैन्याच्या लाइनी वेगळ्या, एसएसच्या वेगळ्या, टपाल खात्याच्या वेगळ्या. काही वेळ तो बऱ्याच लाइनी रोखू शकला, कायमच्या नाही. आणि खरी अडचण याहून मोठी होती. स्फोट झाला, पण हिटलर चालत बाहेर आला, हे फेलगीबेलने स्वतः पाहिलं. या प्रसंगासाठी कुणी सांकेतिक वाक्यच ठरवलं नव्हतं. ‘मेला’ याला वाक्य होतं, ‘प्रयत्न फसला, थांबा’ यालाही असेल, पण ‘स्फोट झाला आणि तो जिवंत आहे’ याला काय म्हणायचं? त्याने बर्लिनला जे कळवलं त्यातून तिकडच्या माणसांना नक्की काय करावं ते कळलं नाही. चित्रपटात फेलगीबेल झालेल्या एडी इझार्डच्या फोनवरच्या त्या वाक्यानंतर बर्लिनच्या खोलीत जी चुळबुळ होते, ती अगदी बरोबर टिपली आहे.

मग ओल्ब्रिश्त का थांबला? पाहणारे त्याच्यावर चिडतात, आणि बिल नायने त्याला इतका कावराबावरा दाखवलाय की चिडणं साहजिक आहे. इथे दोन प्रसंग जोडून पाहावे लागतात. पाच दिवस आधी, १५ जुलैला, श्टाउफेनबेर्ग बॉम्ब घेऊन त्याच मुख्यालयात होता. स्फोट होणारच असं धरून ओल्ब्रिश्तने बैठकीच्या दोन तास आधीच राखीव सैन्याला हुकूम सोडला. स्फोट झालाच नाही. मग ‘हा सराव होता’ अशी सारवासारव करावी लागली, आणि फ्रॉमने झाडलं. चित्रपट हे सगळं दाखवतो. पण २० तारखेला पोचेपर्यंत पाहणारा ते विसरलेला असतो, आणि पटकथा त्याला आठवण करून देत नाही. एकदा हात पोळलेला माणूस खात्रीची बातमी आल्याशिवाय दुसऱ्यांदा तोच हुकूम सोडणार नाही. सराव म्हणून एकदा निभावलं, दुसऱ्यांदा फाशीच. ओल्ब्रिश्तला भित्रा ठरवून मोकळे होणाऱ्यांनी १५ जुलैचा भाग पुन्हा लावून पाहावा.

किंमत मात्र जबर पडली. श्टाउफेनबेर्गचं विमान सव्वाच्या सुमारास उडालं आणि बर्लिनजवळ उतरलं तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. तोवर त्याला वाटत होतं की शहर ताब्यात असेल. हुकूम निघायला चार वाजले. तीन तासांहून जास्त वेळ गेला. आणि निघाल्यावरही ते धावले नाहीत. अत्यंत गोपनीय असा शिक्का असल्याने ते संदेश खास सांकेतिक टेलिप्रिंटरवरूनच जायला हवे होते, तशी यंत्रं आणि ती चालवणाऱ्या मुली मोजक्या, आणि ठिकाणं वीसच्या वर. कित्येक तास लागले. काही सेनाविभागांत संध्याकाळी कचेऱ्या बंद झाल्यावर हुकूम पोचला, काही ठिकाणी त्याच्या आधी रेडिओवरून हिटलर वाचल्याची बातमी.

टेलिप्रिंटरच्या त्या खोलीतला प्रसंग या चित्रपटातला सर्वोत्तम. एका बाजूने बर्लिनचा हुकूम येतोय, दुसऱ्या बाजूने मुख्यालयाचा त्याला खोडणारा हुकूम येतोय, आणि मधे बसलेल्या अधिकाऱ्याला दोन्ही पुढे पाठवायचे की एक, हे ठरवायचं आहे. तो कटात नाही, विरोधातही नाही. त्याचं काम संदेश पोचवायचं. हातात कागद धरून उभा राहिलेला तो माणूस आणि समोर हात थांबवून बसलेल्या मुली, एवढ्यावर सिंगरने कॅमेरा रोखून धरलाय. पाठीमागे संगीत जवळजवळ नाही. १९३० मध्ये सोलापुरातही एखादा तारबाबू असाच बसला असेल, पुण्या-मुंबईकडून आलेला हुकूम हातात घेऊन.

रेडिओचंही तसंच. नभोवाणी केंद्रावर सैनिक पोचले होते, ताबाही घेतला होता. पण प्रक्षेपण बंद करायचं म्हणजे नेमकी कुठली कळ दाबायची हे माहीत असलेला माणूस त्यांच्यासोबत नव्हता. तिथल्या तंत्रज्ञांनी ‘सगळं बंद आहे’ म्हटलं आणि सैनिकांनी विश्वास ठेवला. चित्रपटाने हा भाग जवळजवळ गाळलाय. नाव, हुद्दे, गणवेशावरच्या फिती यांवर एवढी मेहनत घेणाऱ्यांनी ही कळ गाळायला नको होती. साडेसहाच्या सुमारास रेडिओने बातमी दिली आणि तिथून बाजी फिरली.

मेजर रेमर आणि प्रचारमंत्री गोबेल्सचा प्रसंग मात्र इतिहासाच्या बराच जवळ आहे. रेमरच्या तुकडीने सरकारी इमारतींना वेढा घातलाय, तो गोबेल्सला अटक करायला जातो, आणि गोबेल्स फोन त्याच्या हातात देतो. पलीकडून हिटलर विचारतो, आवाज ओळखतोस का. एका वाक्यात वेढा घालणारी तुकडी कटवाल्यांच्या विरोधात उभी राहते. हे असंच घडलं, आणि घडलं ते संध्याकाळी सातच्या आगेमागे. फोन न तोडण्याची किंमत इथे चुकती होते. ज्यांना वरचा प्रश्न पडला होता त्यांना उत्तरही इथेच मिळतं. गोबेल्सच्या घरचा तो एक फोन कापायला एकही माणूस नेमलेला नव्हता.

‘हे जर्मन इंग्रजी का बोलतात?’ या तक्रारीवर फार वेळ नको. सुरुवातीला क्रूझ जर्मन बोलतो आणि त्याच वाक्यात आवाज इंग्रजीत विरघळतो. ही युक्ती स्वच्छ आहे. पुढे कुणी ब्रिटिश ढंगात, कुणी अमेरिकन ढंगात बोलतो, तेवढं चालवून घ्यावं. हिंदी डब मिळाला तरी मूळ आवाजातच पाहा, नाहीतर ही सुरुवातच हातची जाते.

आता माणसांचे अडीच गुण. ‘एवढे सज्जन होते का हे?’ असं जे विचारतात ते बरोबर जागी बोट ठेवतात. चित्रपट १९४३ च्या ट्युनिशियात उघडतो आणि पहिल्याच मिनिटापासून श्टाउफेनबेर्ग हिटलरविरोधी आहे, ज्यूंच्या कत्तलीबद्दल लिहितो आहे. तो इथवर कसा आला, हे कुठेच नाही. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा याच माणसाला देशाचं भलं होईल असं वाटलं होतं. १९३९ मध्ये पोलंडहून त्याने बायकोला लिहिलेल्या पत्रांत तिथल्या लोकांबद्दल, ज्यूंबद्दल तुच्छतेची भाषा आहे. पूर्वेकडच्या कत्तली आणि युद्धाची वाताहत पाहत १९४२ च्या सुमारास तो बदलत गेला. हा बदल म्हणजेच या माणसाची गोष्ट. चित्रपटाने ती पहिल्या पाटीच्या आधीच उरकली. कटातली बाकीची माणसंही अशीच धुऊन घेतली आहेत. पोलिस अधिकारी आर्थर नेबे कटात होता, आणि १९४१ मध्ये त्याच्याच हाताखालच्या तुकडीने बेलारूसमध्ये हजारो ज्यूंना मारलं होतं. हे सांगितल्याने कटाचं धाडस कमी होत नाही. माणसं खरी वाटली असती, एवढंच.

म्हणून बेंडलरब्लॉकच्या, म्हणजे कटवाल्यांच्या बर्लिनमधल्या लष्करी कचेरीच्या, अंगणात रात्री गोळ्या घातलेल्या चौघांकडे पाहताना ज्यांना आपले चार हुतात्मे आठवतात, त्यांनी तुलना जपून करावी. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं साप्ताहिक चालवत. त्यांच्या हाती सत्ता कधीच नव्हती. बर्लिनचे चौघे त्या सत्तेच्या आत, तिच्या पगारावर, तिच्या गणवेशात वर्षानुवर्षं होते. धाडस दोघांकडे होतं, पण निघाले ते वेगवेगळ्या दारांतून. सामान्य माणसाचा प्रतिकार पाहायचा असेल तर जॉर्ज एल्झरबद्दल वाचा. सुतारकाम करणारा हा माणूस एकटाच. म्युनिकच्या सभागृहातला खांब रात्री-रात्री पोखरून त्याने बॉम्ब लावला, तो ८ नोव्हेंबर १९३९ ला फुटला. हिटलर १३ मिनिटं आधी निघून गेला. या चित्रपटात त्याचा उल्लेखही नाही.

अंगणाचा प्रसंग खऱ्या बेंडलरब्लॉकमध्येच चित्रित झालाय. परवानगी आधी नाकारली होती, नंतर मिळाली. ट्रकच्या दिव्यांचा झोत, वाळूचा ढीग, मध्यरात्रीनंतरची वेळ, हेफ्टेनचं श्टाउफेनबेर्गच्या पुढे येणं, शेवटची घोषणा, सगळं त्या रात्रीच्या आठवणींना धरून आहे. कटाच्या म्होरक्यांपैकी एक असलेल्या जनरल बेकची आत्महत्या मात्र पडद्यावर बरीच सौम्य केलीय. खरं तर त्याने दोनदा स्वतःवर गोळी झाडली, तरी जीव गेला नाही, आणि अखेर एका शिपायाने त्याला संपवलं. चौघांना घाईने मारणारा फ्रॉम स्वतःला वाचवू पाहत होता. तोही १२ मार्च १९४५ ला गोळीबारापुढे उभा राहिला.

पाहायला बसण्याआधी थोडी तयारी करा. सबटायटल लावाच. इथल्या उन्हाळ्यात कूलर चालू असेल तर फोनवरची अर्धी वाक्यं ऐकू येत नाहीत, आणि हा चित्रपट फोनवरच चालतो. एका कागदावर सहा नावं लिहून ठेवा: ओल्ब्रिश्त हुकूम सोडणारा, फ्रॉम कुंपणावरचा, फेलगीबेल तारांचा, ट्रेस्को आघाडीवरचा, रेमर वेढा घालणारा, ब्रांट बॅग हलवणारा. सगळे एकाच रंगाच्या गणवेशात असल्याने पहिल्या अर्ध्या तासात चेहरे एकमेकांत मिसळतात. १५ जुलैचा भाग संपला की दोन मिनिटं थांबवा आणि नवख्यांना तो समजावून सांगा, पुढचा तास सोपा जातो. रक्तपात फारसा नाही, पण गोळ्या घालण्याची आणि फासाची दृश्यं आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसोबत पाहता येईल, त्याहून लहानांसोबत नको.

श्टाउफेनबेर्गची बायको नीना हिच्यासाठी चित्रपटाने मोजके प्रसंग ठेवलेत, आणि कॅरिस व्हॅन हाउटनने तेवढ्यातही पोटातली भीती दाखवली आहे. स्फोटाच्या वेळी ती पाचव्यांदा गरोदर होती. पुढे तिला राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत नेलं, मुलांना आडनाव बदलून ‘माइस्टर’ करून बाट झाक्सा गावच्या बालगृहात ठेवलं. धाकटी मुलगी कोन्स्टान्त्से २७ जानेवारी १९४५ ला कैदेतच जन्मली. कुटुंब वाचलं, नीना २ एप्रिल २००६ पर्यंत जगली. पडद्यावर याची फक्त एक ओळ शेवटच्या पाट्यांमध्ये येते, म्हणून अंगणातल्या गोळ्यांनंतर लगेच टीव्ही बंद करू नका.